छताची चौथी काठी

माझ्या मित्राचं, महेशचं, लग्न यहुदी मुलीशी झालं. असं आंतरधर्मीय लग्न लावायला बरेच रब्बी तयार होत नाहीत. हे वयस्कर धर्मगुरू मात्र आनंदाने आले होते. वधूवरांवर धरायच्या कापडी छताच्या चार काठ्यांपैकी तीन नातेवाइकांनी धरल्या. चौथी महेशच्या आईने धरायची होती, पण ती मागे भिंतीशीच उभी.

"मी विधवा बाई. शुभकार्यात कशाला पुढं येऊ?"

रब्बी म्हणाले, "आई, तुमच्याशिवाय मी सुरू करणार नाही."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, लवकर या, भूक लागलीय!"

हसत, डोळे पुसत आईने काठी धरली. शाळेत मलाही असंच कुणीतरी पुढच्या बाकावर बोलावलं होतं. एवढ्याशा हाकेने माणसाचं आयुष्य बदलतं.

आई ठेंगणी, म्हणून छत तिच्या बाजूला कललं. रब्बींनी बाकीच्या तिघांना काठ्या खाली घ्यायला सांगितल्या.