पद्माबद्दल लिहिलेले दोन शब्द

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. मला ओळखणारे इथेच हसतील – ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्याच्याकडे न सांगितलेलं काय उरणार? चामुंडी टेकडीवरच्या माकडाने माझा डबा उघडून चमच्याने खाल्ला आणि धुऊन परत दिला, हे मी इतक्या जणांना ऐकवलंय की आता मला ते माकड चेहऱ्यानिशी आठवतं. फुगवून सांगणं हा माझा धर्मच. पण एकदा – एकदाच – मी एक गोष्ट होती त्याहून लहान करून सांगितली.

इंजिनीअरिंगचं तिसरं वर्ष. बाबांच्या नोकरीपायी आम्ही साताऱ्याहून म्हैसूरला आलेलो. सॉफ्टवेअर डिझाइनच्या विषयाला सरांनी चौघाचौघांचे ग्रुप पाडले आणि सांगितलं, पुस्तकातलं उदाहरण चालणार नाही, खरं दुकान शोधा आणि त्याचा प्रोग्रॅम करा. एकाच अवजड गोळ्यात सगळं कोंबायचं नाही. लहान लहान ऑब्जेक्ट करायचे, प्रत्येकाने आपलं काम करावं, आपली माहिती आपल्यापाशी ठेवावी. ग्रुपप्रमुख मी झालो. का? सगळ्यांत मोठा आवाज माझा.

दुकान मात्र पद्माचं. म्हणजे तिच्या वडिलांचं, अण्णांचं – म्हैसूरच्या अग्रहार भागात, शिवणकामाचं. पिढ्यान् पिढ्या इथलीच माणसं, घरात मराठी, पण निम्मी कन्नडात भिजलेली. मी कँटीनमध्ये तिच्या बोलण्याची नक्कल करायचो – 'मग'ला 'मत्ते', 'हो ना'ला 'अल्वा'. तीही हसायची. खरंच हसायची का? तेव्हा मी विचारलं नाही.

मी लिहिलेला प्रोग्रॅम काय वर्णावा! एकच क्लास, म्हणजे तोच अवजड गोळा, नाव 'दुकान'. तोच माप घेणार, तोच बेतणार, तोच काजं-बटणं करणार. लांबी एवढी की वाचता वाचता माणसाला दाढी यावी. पद्माने तो शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाली, "सगळं एकाच्याच डोक्यावर का ठेवतोस रे? अण्णा माप घेतात, मत्ते कटिंग दुसरा करतो, बटणं तिसरा. तुझं दुकान म्हणजे तूच की – दुसऱ्या कुणाला बोलूच देत नाही."

अण्णा मशीनवरून मान वर न करता हसले.

तिने पुठ्ठ्याची कार्डं कापली. एकावर 'गिऱ्हाईक', एकावर 'कपडा', एकावर 'माप'. आम्हाला एकेक हातात देऊन दुकानात उभं केलं आणि कुणी कुणाला काय विचारायचं ते बोलून दाखवायला लावलं. तिथेच माझी चूक उघडी पडली. गिऱ्हाईकाचं माप बदललं की माझ्या प्रोग्रॅममध्ये त्याचे आधी शिवलेले सगळे सदरेही बदलत होते. अण्णांनी मापाची वही काढली. खाडाखोड कुठेच नाही. नवं माप, नवं पान, वर तारीख.

"माणूस वाळला म्हणून त्याचा जुना सदरा वाळतो काय?" अण्णा म्हणाले.

पद्माने वहीची पानं उलटून पाहिली. मग तिने 'माप'चं कार्ड फाडून नवं केलं – प्रत्येक कपडा आपल्या दिवसाचं माप आपल्यापाशी जपेल, आणि ते पुन्हा कुणाला बदलता येणार नाही. एवढंच. पण आमचा सगळा आराखडा त्यावर उभा राहिला.

परीक्षेसाठी अण्णांनी चौघांनाही नवे शर्ट शिवले. माझं माप घेताना म्हणाले, "पोट आत ओढू नकोस, मग घालताना तुलाच त्रास." आयुष्यात मला इतक्या मायेने कुणी खोटं बोलू नकोस म्हणून सांगितलेलं नाही.

तो शर्ट घालून मी सरांसमोर उभा राहिलो. सर मापाच्या त्या कल्पनेवर बेहद्द खूश. अर्धा तास मीच बोललो. नंतर सरांनी प्रत्येक ग्रुपप्रमुखाला एक कागद दिला – कुणी काय काम केलं ते लिहा, पाकीट बंद करून द्या. त्यावरून गुण मिळणार होते, आणि ग्रुपमधल्या एकाचंच नाव म्हैसूरच्याच हेब्बाळ भागातल्या एका कंपनीत शिकाऊ म्हणून जाणार होतं. खरं लिहिलं तर नाव कुणाचं जाणार हे मला ठाऊक होतं. म्हणूनच –

सांगतो. माझ्या नावापुढे लिहिलं, 'संपूर्ण आराखडा'. बाकी दोघांना कोडिंग वाटून दिलं. आणि पद्माच्या नावापुढे दोन शब्द – 'दुकान दाखवलं'. माझ्यासारख्या वाचाळाने एवढं कमी कधी लिहिलं नव्हतं.

हेब्बाळला मी गेलो. अजून तिथेच आहे. नव्या मुलांना शिकवताना शिंप्याच्या दुकानाची गोष्ट सांगतो. तिच्यात कार्डं मी कापतो.

गेल्या महिन्यात पद्मा बाजारात भेटली आणि ओढत घरी घेऊन गेली. ती आता कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. अण्णा थकलेत, पण त्यांनी मला ओळखलं. समोर उप्पिट्टु ठेवत ती म्हणाली, "माझ्या पोरींना मी तुझं उदाहरण देते. नुसतं काम करून गप्प बसू नका म्हणते. आपल्या ग्रुपात सगळ्यांत कमी गुण मलाच पडले होते, आठवतं? माझीच चूक. मी तोंडच उघडलं नाही, अल्वा?"

मी मान हलवली. होकारार्थी. उप्पिट्टु आणखी मागून घेतलं.

इतकी वर्षं ती स्वतःला हे सांगत आलीये, आणि आता पोरींनाही शिकवते आहे. पद्मा गप्प नव्हती. त्या दुकानात उभी राहून ती एकेक गोष्ट स्पष्ट बोलली होती, आणि मी तिच्यापासून हातभर अंतरावर उभा राहून सगळं ऐकलं होतं.