ड्रॉइंगच्या बाईंची चोरओटी

आमच्या शाळेतल्या ड्रॉइंगच्या बाई आपल्या आजाराबद्दल हवामानासारखं बोलायच्या. "आज पारा चढलाय, मला कुठल्या समितीत घेऊ नका." बायपोलर हा शब्द मी त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला, स्टाफरूममध्ये शेंगाचटणी-भाकरी खाताना. फक्त मोडनिंबच्या सासूबाईंना त्यांनी सांगितलं नव्हतं. तिथे त्यांच्या गोळ्या म्हणजे 'व्हिटॅमिन'.

एकदा त्यांनी गोळ्या परस्पर सोडल्या. एका रविवारात शाळेची पाण्याची टाकी, घरचा फ्रीज आणि शेजाऱ्यांची स्कूटर मोरपंखी झाली. मग दोन महिने बाई भिंतीकडे तोंड करून पडून. त्यानंतर नवी गोळी सुरू झाली आणि पारा जागेवर आला.

पण पाळी गेली. चार महिने पत्ता नाही. वजन वाढलं, ब्लाउजवर दुधाचे डाग पडू लागले.

"ताई, बेचाळिसाव्या वर्षी? दोनदा तपासलं, काही नाही," त्या मला म्हणाल्या. "सगळा घोळ या गोळीचा. उद्यापासून बंद."

मी शाळेची लिपिक, याद्या करणं हा माझा स्वभाव. लगेच कागद ओढला : पाळी कधीपासून, दूध कधीपासून, वजन किती. "ही यादी डॉक्टरांना दाखवू. तोवर एकही गोळी चुकवायची नाही." दुसऱ्या दिवशीची संध्याकाळची वेळ घेतली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीतच सासूबाई शाळेत हजर. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्या तीन महिन्यांपासून लेकाकडे राहायला होत्या. नवी नजर आल्यावर त्यांनी पहिलं काय टिपलं, तर सुनेच्या पूजेला एकाही महिन्यात चार दिवसांचा खंड नाही. सुनेला दिवस गेले, हे त्यांनी धरूनच टाकलं. पहिल्या महिन्यांतली चोरओटी गुपचूप भरायची, घरी भरली तर शेजारणींना कळणार, म्हणून त्या नारळ, खण आणि पाच फळं घेऊन थेट चित्रकलेच्या खोलीत आल्या.

"तुमी लेकुरवाळ्या हाय नव्हं? भरा ओटी," त्यांनी मला फर्मावलं.

बाईंनी हातातला ब्रश खाली ठेवला. मग म्हणाल्या, "आत्या, बाळ नाही. गोळ्यांनी पाळी थांबलीय."

"व्हिटॅमिननं?"

"व्हिटॅमिन नाही. डोक्याच्या गोळ्या आहेत."

सासूबाई खाली बसल्या. "मग सोड की त्या!"

"सोडल्या तर फ्रीज रंगवते."

"आगं, त्यो फ्रीज आजारानं रंगवला व्हय? मला वाटलं, हौस हाय!" त्यांनी नारळ पिशवीत घातला, पुन्हा बाहेर काढला. मग डोळे पुसून मला म्हणाल्या, "आणलेलं माघारी न्यायचं न्हाय. भरा ओटी. ही बी कुणाचं तरी लेकरूच हाय की."

मी भरली. बाई रडल्या आणि मग ओटीतलं केळं सोलून खाल्लं.

संध्याकाळी आम्ही तिघी डॉक्टरांकडे गेलो. रक्त तपासलं तर प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन भलतंच वाढलेलं. त्या गोळीचाच परिणाम. डॉक्टरांनी ती हळूहळू कमी करत दुसरी सुरू केली. तीन महिन्यांनी पाळी आली आणि बाईंनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. कशाचे, हे मुख्याध्यापकांना अजून माहीत नाही.

पुढे बाईंची माढ्याला बदली झाली. आता त्या मोडनिंबला सासूबाईंकडे राहून जाऊन-येऊन करतात. त्यांच्याइतकं मोकळं बोलणारं आमच्या स्टाफरूममध्ये आता कोणी नाही.

परवा त्यांचा फोन आला. "ताई, घरात हवालदार बसलाय. गोळी गिळेपर्यंत समोरून हलत नाही."

मागून आवाज आला, "बोलू नगं. आदी जीभ दाखव."