काचवाल्यांचं घड्याळ

माझ्या भावाला शहाणा म्हणणारे लोक खूप आहेत. चाळीस वर्षं चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून त्याने लोकांच्या चष्म्याच्या काचा घासल्या, आणि एक काच कधी परत आली नाही. मी त्याची धाकटी बहीण. मी त्याला शहाणा म्हणत नाही. ज्याच्या कपाटात घड्याळांना मखमलीचा कप्पा आणि स्वतःच्या बनियनला सतरा भोकं, त्याला शहाणा कोणत्या तोंडाने म्हणू?

अकरा घड्याळं होती. सगळी जुनी, सगळी चावीची, मोठमोठ्या कंपन्यांची. एकेकासाठी दादाने दोन-दोन वर्षं वाट बघितलेली. तो ती घालायचाही नाही फारसा. काढायचा, डोळ्याला भिंग लावून बघायचा, परत ठेवायचा. वर आम्हाला शिकवायचा. जुनं घड्याळ कधी पॉलिश करायचं नाही. डायलवरचा डाग पुसायचा नाही. ओरखडा म्हणजे त्या घड्याळाचं आयुष्य, तो घालवला की घड्याळ गेलं.

वहिनी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर होती. तिथे तिच्यापुढे भलेभले रांगेत सरळ उभे राहायचे. ती म्हणायची, "एक मनगट आणि अकरा घड्याळं! बाकीची दहा मनगटं भाड्याने आणा, काचवाले." ती त्याला काचवालेच म्हणायची. लग्नाआधी मैत्रिणींत तसा उल्लेख व्हायचा, तो तसाच राहिला. आम्ही हसायचो, दादा लाजायचा.

त्या अकरांतलं एकच तो रोज वापरायचा. दुकानाच्या मालकांनी त्याच्या लग्नात स्वतःच्या मनगटावरचं काढून दिलेलं. लहानसं, सोनेरी, सेकंदाचा काटा वेगळ्या छोट्या गोलात. त्याला चावी द्यायचा मान मात्र वहिनीचा. रोज सकाळी ती चावी देणार, ते दादाच्या हातात ठेवणार आणि म्हणणार, "काचवाले, सात वाजले. निघा." पस्तीस वर्षांत हे चुकलं नाही.

मग वहिनी विसरायला लागली. आधी गॅस, मग दवाखान्यातल्या लोकांची नावं, मग पत्ता. तीन वर्षांत सगळं धुऊन निघालं. मी खालच्याच मजल्यावर राहते, पडदे शिवते. सकाळी वर जाऊन तिची आंघोळ मी घालते. मला ती पडदेवाल्या बाई म्हणते. म्हणू दे. मला त्याचं काही नाही. पण सकाळी डोळे उघडल्यावर ती दादाकडे बघून अंग चोरायची, उशी छातीशी धरायची आणि विचारायची, "तुम्ही कोण? घरात कसे आलात?"

दादा घड्याळ तिच्या हातात ठेवायचा.

आणि मग मी रोज बघायचे ते सांगते, विश्वास ठेवा नाहीतर नका ठेवू. तिचा अंगठा आणि बोट चावीच्या गुंडीवर जायचं. ती फिरवत राहायची, सावकाश. चावी पूर्ण बसली की गुंडी अडते. ती अडली की वहिनी म्हणायची, "भरलं." मग घड्याळ कानाशी धरायची. "चालू आहे." आणि मान वर करून सरळ दादाकडे बघायची. "काचवाले, सात वाजले. निघा."

निवृत्त झालेला माणूस! तो बूट घालायचा, जिना उतरायचा, कोपऱ्यावरून दूध घेऊन यायचा. पण आधी दहा मिनिटं तिच्यापाशी बसायचा. ती त्याच्या शर्टाची कॉलर नीट करायची, डबा घेतलात का विचारायची. तो दूध घेऊन परत येईपर्यंत पुन्हा ‘तुम्ही कोण?’ सुरू झालेलं असायचं. एकदा मला म्हणाला, "दिवसातून दहा मिनिटं मिळतात मला. पुरतात गं." कसली पुरतात, डोंबल! पण तेवढ्यावर तो जगत होता.

आता मूर्खपणा सांगते, त्याचा आणि माझा.

निवृत्तीच्या वेळी दादाने ठरवलं होतं की शेवटचं एक घड्याळ घ्यायचं, आयुष्यात एकदाच, मनासारखं. पण जुनं की नवं? जुन्या मालाच्या व्यापाऱ्याकडे मालकांच्या घड्याळाचं अगदी जुळं भावंड होतं. तेच वर्ष, तीच घडण, चावीचं. आणि शोरूममध्ये त्याच कंपनीने त्याच घड्याळाची नवी आवृत्ती काढलेली. चेहरा हुबेहूब, आत सगळं आजचं. दोन वर्षं हा माणूस दोन्ही दुकानांचे उंबरठे झिजवत होता. आज म्हणायचा, जुन्यात जीव असतो. उद्या म्हणायचा, नव्याला पाच वर्षांची हमी असते. मी म्हणायचे, मुलगी बघतोयस की घड्याळ?

आणि एका सकाळी वहिनीच्या हातात मालकांचं घड्याळ कटकन वाजलं. गुंडी गरगर मोकळी फिरायला लागली. वहिनीने कानाशी धरलं आणि म्हणाली, "बंद." मग दादाकडे बघितलं, आणि किंचाळली.

दादा तसाच चपला घालून घड्याळ दुरुस्तीवाल्या काकांकडे धावला. मी मागोमाग. काकांनी झाकण उघडलं, बराच वेळ बघितलं. "स्प्रिंग तुटली. तुटताना चाकाचे दोन दात घेऊन गेली. नुसती स्प्रिंग असती तर मी आत्ता टाकली असती. पण हे चाक कंपनीशिवाय कुठे मिळायचं नाही."

"किती दिवस?"

"सहा आठवडे तरी धरा."

दादा तिथेच स्टुलावर बसला. मला म्हणाला, "सहा आठवड्यांत ती काय काय विसरेल?"

कंपनीच्या काउंटरवर फॉर्म भरायचा होता. पठ्ठ्याने वेगळा कागद जोडला. घड्याळाची केस, म्हणजे बाहेरचं कवच, पॉलिश करू नये. डायल बदलू नये. काटे बदलू नयेत. काच आहे तीच ठेवावी. प्रत्येक ओळीखाली दोन-दोन रेघा. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काळजी करू नका सर, तुम्ही लिहिलंय त्यातलं काहीही बदलणार नाही." दादाला जरा धीर आला. मलाही.

मधल्या सहा आठवड्यांचं काय? दादाने बाकीची दहाही घड्याळं एकेक करून वहिनीच्या हातात दिली. एक चपटं, एक जाड, एकाची गुंडी फारच बारीक. ती हातात घ्यायची आणि सतरंजीवर ठेवून द्यायची, दुसऱ्याची वस्तू ठेवावी तशी. चार सकाळी तिने त्याला ओळखलं नाही. पाचव्या दिवशी आम्ही निघालो. आधी व्यापाऱ्याकडे. ते जुळं घड्याळ होतं अजून. दादाने हातात घेतलं, चावी दिली, गुंडी अडली. मला वाटतं तेव्हा त्याचं मन तिथेच बसलं होतं.

"हमी काय?" मी विचारलं.

व्यापारी हसला. "ताई, साठ वर्षांच्या घड्याळाची कसली हमी? आज चालतंय. उद्याचं मी कसं सांगू?"

मी दादाला बाहेर ओढलं. म्हटलं, "अरे, हेही बंद पडलं तर? तिची ती किंकाळी पुन्हा ऐकायची आहे का तुला? नवं घे. कधी बंद पडणार नाही असं घे."

हो, मीच म्हटलं. जन्मभर जुन्याची आरती ओवाळणारा माझा भाऊ, भेदरलेल्या पोरासारखा मान हलवून शोरूममध्ये शिरला. विक्रेत्याने हातमोजे घालून घड्याळ पुढे ठेवलं. तोच चेहरा, तोच छोटा गोल. "आणि सर, हे ऑटोमॅटिक आहे. मनगटाच्या हालचालीवर चालतं. चावी द्यायची कटकटच नाही."

"पण चावी देता येते ना?" दादाने विचारलं.

"येते की. पाहिजे तेवढी फिरवा. आत काही तुटायचं नाही."

हे वाक्य आम्ही दोघांनी ऐकलं. एकालाही त्याचा अर्थ लागला नाही. मला कसा लागणार, मी पडदे शिवणारी. पण तुला, अकरा घड्याळांच्या बापाला? तूही फक्त चेहरा बघत बसलास.

दुसऱ्या सकाळी सातला दादाने ते वहिनीच्या हातात ठेवलं. तिने उलटसुलट केलं, आणि बोटं गुंडीवर गेली. दादाने माझा हात घट्ट धरला. ती फिरवायला लागली. फिरवते आहे, फिरवते आहे. ऑटोमॅटिकची गुंडी अडत नाही. भरल्यावरही आत नुसती घसरत राहते, कितीही फिरवा. हे मला नंतर काकांनी सांगितलं. वहिनी "भरलं" म्हणायला थांबली होती आणि ते भरतच नव्हतं. पाच मिनिटं. दहा मिनिटं. कपाळावर घाम. मी म्हटलं, "पुरे गं वहिनी, दे इकडे." तिने माझा हात झटकला. अंगठ्याची कातडी लाल झाली, मग सोलली, तरी फिरवतेच आहे. "का भरत नाही हे? निघायचंय त्यांना. सात होऊन गेले. का भरत नाही?" आणि ढसाढसा रडायला लागली. दादाने ओढून घ्यायचा प्रयत्न केला तर त्याला चावली. माझी वहिनी, चावली त्याला!

दादा त्याच दुपारी व्यापाऱ्याकडे गेला. जुळं घड्याळ आदल्या संध्याकाळीच विकलं गेलं होतं. नवं त्याने डब्यासकट कपाटाच्या वरच्या फळीवर टाकलं. मखमलीच्या कप्प्यात ठेवलं नाही.

मी त्याच्यासमोर जाऊन म्हटलं, "मला शिव्या घाल. मीच बोलले होते." तो म्हणाला, "घेतलं मी ना?" एवढंच. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सहाचे सात आठवडे झाले. दादा रोज कंपनीला फोन करायचा. रोज सकाळी वहिनीच्या खोलीच्या दाराबाहेर उभा राहायचा, आत जायचा नाही, ती घाबरेल म्हणून. स्वतःच्या घरात चोरासारखा. जेवण सुटलं, दाढी वाढली. मी देवाला नको नको ते बोलले.

शेवटी घड्याळ आलं. दादाने भिंग लावून इंच न् इंच तपासलं. ओरखडे जागेवर, डायलवरचा डाग जागेवर, काटे तेच. "कशाला हात लावला नाही!" कितीतरी दिवसांनी हसला. सकाळी सातला वहिनीच्या हातात ठेवलं.

तिची बोटं गुंडीवर गेली. आणि लगेच मागे आली, काहीतरी टोचावं तशी. पुन्हा गेली, पुन्हा मागे. "हे आमचं नाही," ती म्हणाली आणि सतरंजीवर ठेवून दिलं.

दादाने घड्याळ उचललं. बराच वेळ बघत राहिला. मग मटकन खाली बसला. "गुंडी," तो म्हणाला. "गुंडी नवी घातली गं त्यांनी."

जुन्या गुंडीचे दाते एका बाजूला गुळगुळीत झाले होते, वहिनीच्या अंगठ्याने, पस्तीस वर्षांत. नवीचे दाते करकरीत. त्या लांबलचक कागदावर दादाने चेहऱ्याचं सगळं लिहिलं होतं. गुंडीचं लिहिलं नव्हतं. "गुंडी कोण बघतं?" तो कपाळ बडवत म्हणाला. "ती झिजते, बदलतात. आम्ही कोणी गुंडी मोजतच नाही." आम्ही म्हणजे हे सगळे जमवणारे. डायलवरच्या डागासाठी भांडतील, आणि बायकोचं बोट रोज कुठे लागतं ते यांना ठाऊक नाही!

मी आधी त्याच्यावर ओरडले. मग घड्याळाच्या डब्यात हात घातला. तळाशी एक लहान प्लास्टिकची पिशवी होती, काढलेले भाग परत देतात ती. त्यात तुटकी स्प्रिंग, दात गेलेलं चाक, आणि ती झिजलेली गुंडी तिच्या दांडीसकट.

काकांनी दुकान उघडायच्या आधीच आम्ही त्यांच्या दाराशी. त्यांनी चहासुद्धा न घेता जुनी गुंडी बसवून दिली. "पाणी शिरेल हं यात," म्हणाले. दादा म्हणाला, "शिरू दे."

दुसऱ्या सकाळी सात. वहिनी खिडकीशी बसली होती. दादाने घड्याळ तिच्या हातात ठेवलं आणि दोन पावलं मागे सरला. अंगठा गुंडीवर गेला आणि तिथेच राहिला. ती फिरवायला लागली, सावकाश. गुंडी अडली.

"भरलं."

मी पदर तोंडात कोंबला. तिने ते कानाशी धरलं. चेहरा असा मोकळा झाला तिचा, सात आठवड्यांत बघितला नव्हता. "चालू आहे."

मग मान वर केली. दादाकडे बघितलं. दादा पुढे झाला.

तिने घड्याळ त्याच्यापुढे धरलं. खिडकीवरून केसपेपर द्यावा तसं, अदबीने. "हे आमच्या काचवाल्यांचं आहे," ती म्हणाली. "तुम्ही त्या बाजूला जाताय ना? त्यांना द्याल का? सातला निघतात ते. घड्याळाशिवाय त्यांचं अडतं."

मी दादाकडे बघू शकले नाही. सतरंजीकडे बघत राहिले. त्याच्या पायांची बोटं तेवढी दिसत होती.

"देतो," तो म्हणाला.

"नक्की?"

"नक्की देतो."

त्याने बूट घातले, जिना उतरला, कोपऱ्यावरून दूध घेऊन आला. घड्याळ मनगटावर होतं. वहिनीने त्याला दारात बघून विचारलं, "दिलंत?"

"दिलं."

"काय म्हणाले?"

दादाच्या हातातली दुधाची पिशवी मी काढून घेतली, पडली असती म्हणून.

"म्हणाले," दादा म्हणाला, "बरोबर सात वाजलेत."