सात नंबरची बाई

निवृत्तीनंतर लोक म्हणतात, "सर, आठवणी लिहा." पर्यावरणाचं राजकारण आणि संशोधन पद्धती शिकवणाऱ्या माणसाच्या आयुष्यात लिहिण्यासारखं काय घडणार, हा माझा प्रश्न. पण मुलांना वर्गाबाहेर सोडलं की किस्से जमतात, वाळत घातलेल्या मासळीवर कावळे जमतात तसे. हाकलले तरी परत येतात.

डहाणूला मी अजून एक फील्डवर्कचा पेपर शिकवायला जातो. यंदा तो बंद व्हायच्या बेतात होता. विभागप्रमुख मॅडम माझ्याच विद्यार्थिनी, त्यामुळे नकारही आदराने देतात.

"सर, मुलं फिरतात, रिपोर्ट लिहितात आणि तो कपाटात जातो. यंदाचा रिपोर्ट गावासमोर वाचा. लोक शेवटपर्यंत बसले, तर पेपर ठेवू."

मी हो म्हणालो आणि घरी येऊन ॲसिडिटीची गोळी घेतली.

अभ्यास होता जवळच्याच एका मासेमार गावातला. तिथं बायका किनाऱ्यावरच्या ज्या जागेत बोंबील सुकवतात, तिथं ग्रामपंचायतीला बाग आणि सेल्फी पॉइंट करायचा आहे. असा निर्णय कोण घेतं, कोणाला विचारून घेतं, एवढंच आम्हाला पाहायचं होतं.

* * *

वनिता तलासरीकडच्या पाड्यावरची. वर्गात सगळ्यांत कमी बोलणारी, शिकवलेलं तंतोतंत पाळणारी. मी सांगितलं होतं, दर तिसरं घर घ्यायचं, मनाने बदलायचं नाही. ही एका कुलूप लावलेल्या घराच्या ओट्यावर सकाळपासून बसून राहिली.

शेजारच्या कमलकाकींना राहवेना. "गो पोरी, ते लोक वापीला राहतात. गणपतीला येतील."

"पण काकी, ते सॅम्पलमध्ये आहेत."

"आणि आम्ही?"

"तुम्ही नाही."

काकी आत गेल्या आणि चहा घेऊन बाहेर आल्या. "घे. तुझ्या सॅम्पलवाल्यांनी तर पाणीपण नाही विचारलं."

कुलूप असेल तर शेजारचं घर घ्या, असं मी त्याच दिवशी सांगून टाकलं. ते पद्धतीत बसतं की नाही, याची मला अजून खात्री नाही.

* * *

अशा रीतीने काकी सॅम्पलमध्ये आल्या. वनिताने समजावलं, "तुमचं नाव कुठंही येणार नाही. फक्त नंबर."

"का? मी काय चोरी केली?"

"कोणाला त्रास होऊ नये म्हणून, काकी."

"अगं, त्यांना त्रास व्हावा म्हणून तर सांगतेय."

शेवटी नंबर कितवा ते विचारून घेतलं, मगच बोलायला बसल्या. चार नंबर मिळाला. दोन दिवसांत सगळ्या गावाला नंबर पाठ. मासळी बाजारात बायका एकमेकींना हाका मारत होत्या, "ए दोन नंबर, बर्फ दे जरा!"

गोपनीयतेवरचं माझं लेक्चर चांगलं होतं, असं मला तोवर वाटत होतं.

* * *

रूपेश हा आमचा दुसरा विद्यार्थी. निरीक्षण करायला गेला, तर बायकांनी त्यालाच बोंबील टांगायला लावलं. संध्याकाळी एसटीत शेजारची सीट रिकामी, पुढची रिकामी, मागचीही रिकामी. चारोटीला बस थांबली तसे झाडून सगळे उतरले.

कंडक्टर म्हणाला, "काय आणलंयस रे?"

"काही नाही. पार्टिसिपंट ऑब्झर्वेशन करून आलो."

"बरं. उद्यापासून ते टेम्पोने ने."

* * *

रिपोर्टचा मसुदा आला आणि माझी झोप उडाली. सात नंबरची मुलाखत फारच चांगली होती. आमच्या मुलांना इतकं चांगलं मिळत नाही. मी वनिताला विचारलं, "ही बाई कोण?"

"नाही सांगता येणार, सर. तिने शपथ घातलीय."

"अगं, मी तुझा मार्गदर्शक."

"तुम्हीच शिकवलंत."

कमलकाकींकडे हळूच चौकशी केली. त्या म्हणाल्या, "सात नंबर? आमच्यात कोणी नाही."

मुलीने मुलाखत रचली तर नाही? पेपर वाचवायला? तिला सरळ विचारायचं धैर्य मला झालं नाही. तिचं उत्तर ऐकायचं तर त्याहून नाही.

* * *

ग्रामसभा भरली. सरपंच मधोमध, मॅडम माझ्या शेजारी. वनिता खालच्या आवाजात वाचू लागली. "चार क्रमांकाच्या उत्तरदात्या म्हणाल्या, की आम्हाला कोणी विचारलं नाही."

कमलकाकी उठून उभ्या राहिल्या. "ती मी."

"काकी, गोपनीय आहे ते," वनिता कुजबुजली.

"असू दे. वाच पुढे."

मग दोन नंबर उठली. नऊ नंबर उठली. जिचं वाक्य आलं ती उभी राही आणि बसायचं नाव घेत नसे. मॅडम माझ्याकडे झुकल्या. "सर, लोक शेवटपर्यंत बसायला हवेत, म्हणाले होते मी. हे तर उभेच आहेत."

मला हसू आलं नाही. पुढचं पान सात नंबरचं होतं.

वनिताने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि वाचलं. "सात क्रमांकाच्या उत्तरदात्या म्हणाल्या, की याच जागेवर मासळी सुकवून मी मुलाला कॉलेजात घातलं. आता त्याला तिथं वास येतो."

कोणीच उठलं नाही. उभ्या असलेल्या बायका एकमेकींची तोंडं पाहू लागल्या. सरपंच म्हणाले, "ही कोण बाई? असेल तर समोर यावं."

मी डोळे मिटले.

मागच्या भिंतीशी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. वनिता पटकन म्हणाली, "आजी, तुम्ही नाही उठलात तरी चालेल."

"राहू दे गो," म्हातारी म्हणाली.

सरपंच चटकन उभे राहिले. "आई, तू बस."

"बसते. आधी तू खाली बस. पोरीचं वाचून व्हायचंय."