उतू गेलेलं दूध
करपलेल्या दुधाचा वास आला की मला अकोल्यातल्या भाड्याच्या फ्लॅटमधली पहिली दुपार आठवते. बाहेर वादळवाऱ्याचं वावधान सुटलं होतं, शेजारच्या छपराच्या टिनांवर गारा आदळत होत्या, बंद खिडकीच्या फटींतून धूळ आत येत होती आणि माझ्या दोन्ही मांजरी सामानाच्या खोक्यामागे दडून बसल्या होत्या. नव्या घरात दूध उतू जायला हवं म्हणून घरमालकीणबाई स्वतः पातेलं घेऊन वर आल्या. दूध उतलं, ओट्यावरून फरशीवर ओघळलं, आणि त्यांनी हात जोडले तोच दोघी बाहेर येऊन ते चाटू लागल्या. "अपशकुन केला याईनं," बाई म्हणाल्या. "याईले आत्ताच खाली सोडून ये, नाही तं सामान खोलू नको." त्या शहरात माझं दुसरं कोणी नव्हतं. तरी मी खोक्याची सुतळी कापली आणि सगळ्यांत आधी मांजरींची ताटली बाहेर काढली. "काकू, अशा गारांत मी कोणालेच बाहेर काढत नसते," मी म्हटलं. "अन् दूध तं घरच्याईनंच पेलं." त्या दार आपटून गेल्या. ते घर मी सहा वर्षांनी सोडलं, तेही माझ्या मर्जीनं. परवा अमरावतीच्या नव्या घरात दूध उतू जाऊ दिलं, तेव्हा हात जोडायच्या आधी मी त्या दोघींना हाक मारली.