फंड संपला म्हणून कुलूप

मंडळी, सायबर कॅफेतून रागातच लिहितोय, चुका सांभाळून घ्या.

के. आर. पुरममध्ये मी भाड्याने राहतो त्या घरची सून, सुमाअक्का, नवव्या महिन्यात आहे. पाण्यातून होणारी कावीळ गरोदर बायकांना फार भोवते, त्यावरच्या संशोधनात तिला इथल्या एका दवाखान्याने घेतलं होतं. "माहेरी जाऊ नका, इथंच रक्त तपासू, बाळंतपणही आम्हीच करू," असं सांगून. हुबळीला तिच्या आईने पाळणासुद्धा धुऊन ठेवला होता.

आज मी तिला तपासणीला घेऊन गेलो. वाटेत मी फणस बघत रेंगाळलो, ते जाऊ दे. पोचलो तर दवाखान्याला कुलूप. बाहेर खोकी भरून घेणारे साहेब म्हणाले, "फंड संपला. नवा मिळाला की कळवू."

"सरी, बरं," अक्का त्या साहेबांना म्हणाली. "तोवर बाळाला स्वल्प थांब म्हणू का, अण्णा?"

साहेब हसले. माझं डोकंच फिरलं.

आता दुसरे डॉक्टर रेल्वेचा प्रवास नको म्हणतात. तिकडे आई फोनवर रडतेय.

पैसे कधी संपणार हे त्यांना आधी ठाऊक नसेल, असं वाटतं तुम्हाला? मग सुमाअक्काला वेळेवर माहेरी का जाऊ दिलं नाही?