खडूचा गोल

आमच्या दगडाच्या क्वारीत एक सर यायचे, ते डोळे मिटून दगडावरून हात फिरवायचे. आमी त्यांना हातफिरवे सर म्हनायचो. नाव मीच ठेवलं. शाळेत गेलो नाय, पन नावं ठेवायला कुठं शाळा लागते?

लातूरकडं भूकंप झाला, त्याच्या पुढच्या वर्षाची गोष्ट. बोनकोड्याची आमची शेती नवी मुंबई वसवताना गेलेली नि मी तुर्भ्याच्या डोंगरात सुरुंगाची भोकं पाडत होतो. सर कॉलेजात दगडधोंडे शिकवायचे. रिटायर व्हायला आलेले, गुडघे गेलेले. चढन चढून पिंपावर बसायचे नि म्हनायचे, "दमलो रे. पण हा दगड बघ, माझ्यापेक्षा जास्त दमलाय."

मागच्या भिंतीवर एक हिरवट, चकचकीत पट्टा होता. सरांनी माझा हात धरून त्यावर फिरवला. एकीकडं गुळगुळीत, उलटा फिरवला की बोचायचं.

"सर, हा तर मासा! शेपटीकडून हात फिरवला की खवलं लागतात."

सर खूप दिवसांनी हसले. "इथं लाखो वर्षांपूर्वी डोंगर सरकला. दोन बाजू एकमेकींत अडकतात, ताण साठतो, मग एका क्षणात सुटतात. तोच भूकंप. हादरा विरून जातो, पण कोण कुठं सरकलं ते भिंतीवर राहतं."

"म्हंजी आमचा दरवाजा. पावसात फुगला की लोटून हलत नाय. मंग एकदम उघडतो नि मी थेट चुलीपाशी तोंडावर."

"अगदी तसंच. फक्त इथं डोंगर पडतो."

वीस वर्षं ते असाच पट्टा शोधत होते. होकायंत्र दुरुस्तीला दिलेलं. सोमवारी आनून डोंगर सरकल्याची दिशा मोजली की काम पुरं होनार होतं. शुक्रवारी मी एका हळदीला गेलेलो, तेव्हा सरांनी पट्ट्याभोवती खडूनं मोठा गोल काढला, खाली काहीतरी लिहिलं नि गेले.

आता क्वारीत खडूचा गोल म्हंजी एकच: इथं भोक पाड. शनिवारी गोल बघितला. म्हनलो, सरांचं झालं वाटतं, मुकादमानं खडू मारला. पाडलं भोक, उडवला सुरुंग. नेहमीपेक्षा खोल पाडलं, एवढा मी कामसू.

सोमवारी सर आले, होकायंत्र गळ्यात. भिंत नव्हती. मी शहान्यानं गोनीभर तुकडे वेचून ठेवलेले. "घ्या सर, मोठे मोठे निवडले."

त्यांनी एक उचलला, ठेवला. "सुटा दगड दिशा सांगत नाही रे. कसा बसला होता, कुणास ठाऊक."

"गोलाखाली काय लिवलेलं, सर?"

"फोडू नका."

"वाचता नाय येत मला."

"मग चूक माझी. तुमच्यात गोल म्हणजे काय, मी विचारायला हवं होतं."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी छाती काढून म्हनलो, "रोज हात लावायचो ना सर, पाठ हाय मला. खाडीच्या अंगाला गुळगुळीत."

सरांनी वही उघडली, पेन काढलं, नि माझ्याकडं बघत राहिले. "नक्की?"

जन्मभर मी ठोकून देत आलो. त्या दिवशी जीभ वळली नाय. "नाय सर. आठवत नाय."

त्यांनी मान हलवली नि वहीत दोनच शब्द लिहिले. मी विचारलं, काय लिवलं?

"माहीत नाही."

वही मिटून ते हळूहळू चढन उतरले. पुन्हा आले नाय. आजपन कुनी काय विचारलं की मला झ्याक उत्तर सुचतं. पन ठाऊक नसलं, तर सरांचे तेवढे दोनच शब्द सांगतो नि गप बसतो.